निर्झर आणि प्रपात

गेल्या महिन्यांत आम्हीं मुलांच्या पाठांतराविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून कांहीं वाचकभगिनींनीं विचारलें कीं, मुलांस घरांत बसवून शिकवावयाच्या गोष्टी आपण सांगितल्या. परंतु घराबाहेर पडल्यावर त्यांनीं काय शिकावें, याविषयीं आपलें मत काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर पुस्तकांतून काढून देण्याचा आमचा विचार होता. पण गेल्या आषाढांत आमच्याच घरीं असा एक प्रसंग घडला कीं, पुस्तक मिटून ठेवून तोच येथें सांगणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

आमचें गांव कोन. तें पनवेल तालुक्यांत जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर आहे. जेथें आमच्या लहानपणीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आतां उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि रात्रंदिवस मोटारींचा ओघ चालूं असतो. तरी गच्चीवर उभें राहिलें कीं पूर्वेस प्रबळगड, त्यामागें माथेरानची रांग, आणि दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका अजून पूर्वींप्रमाणेंच दिसतो. आर्द्रा नक्षत्र लागून चार जोराच्या सरी पडल्या कीं या डोंगरांच्या काळ्या अंगावर पाण्याच्या शुभ्र रेघा उमटतात. आमच्या वडिलांच्या वेळीं त्या रेघा पाहून लावणीचा हिशेब होत असे. आजचीं मुलें त्याच रेघा पाहून रविवारचा बेत करितात. यांत मुलांचा दोष आम्ही मानीत नाहीं. पाऊस आपल्या दारीं शेतांत पडावयाचा बंद झाला, म्हणजे तो पाहावयास माणसानें बाहेर पडावें, हें ओघानेंच आलें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू आतां नाहींत. वहिनी आहेत, त्यांचें वय चौऱ्याहत्तर आहे, आणि घरांतील शेवटचा शब्द त्यांचा असतो. अशाच एका गुरुवारीं रात्रीं जेवणें चाललीं असतां आमच्या नातवानें सहज सांगावें तसें सांगितलें, "येत्या रविवारीं आम्ही दहाजण पांडवकड्यास जाणार आहों." हा नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्याच्या पाठोपाठ पुतण्याची कन्या म्हणाली, "मीहि जाणार."

"तेथें जावयास बंदी आहे ना रे?" सूनबाईंनीं वाढतां वाढतां विचारलें.

"बंदी आहे म्हणजे मोठ्या वाटेवर पोलीस उभे असतात, आई. मागच्या अंगानें दुसरी वाट आहे. सगळे तिकडूनच जातात."

"सगळे जातात म्हणून जावयाचें, तर मग शिकलास कशाला?" वहिनी म्हणाल्या. "कोणीं कोठें जावयाचें नाहीं."

यावर पुतण्यानें मुलांची बाजू घेतली. मुलें आतां लहान नाहींत, त्यांस किती दिवस धरून ठेवावयाचें, असें त्याचें म्हणणें. आमच्या सौभाग्यवतींनीं वहिनींची बाजू घेतली. ताटांवर कांहीं वेळ कोणी बोलेना. शेवटीं वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत. तुम्हीच काय तें सांगा."

आम्हीं त्या रात्रीं कांहीं सांगितलें नाहीं. "उद्यां बोलूं" म्हणून हात धुवावयास उठलों. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें असें नव्हे. बंदी असलेल्या ठिकाणीं चोरवाटेनें जाऊं नये, हें सांगावयास पंडित लागत नाहीं. परंतु नुसता 'नको' हा शब्द आम्हीं शाळेंत पस्तीस वर्षें वापरून पाहिलेला आहे. त्याचें फळ एवढेंच कीं, मूल ती गोष्ट करावयाचें थांबत नाहीं, सांगावयाचें थांबतें. 'नको' बरोबर कारण द्यावें लागतें. आणि या बाबतींतील कारण आमच्यापाशीं असें होतें कीं, तें आम्हीं घरांत कोणासहि, सौभाग्यवतींससुद्धां, कधीं सांगितलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पाऊस उघडला होता. सर्व मंडळी गच्चीवर बसली असतां आम्हीं तें सांगितलें. वाचकांपासूनहि तें लपवून ठेवण्यांत आतां अर्थ नाहीं.

चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही नोकरीस नवीन होतों आणि उत्साह फार होता. श्रावणांतल्या एका शनिवारीं सातवीच्या वर्गांतील बत्तीस मुलें घेऊन आम्ही डोंगराच्या पायथ्याशीं एका ओढ्यावर सहलीस गेलों. पाणी घोट्याइतकें, नितळ, खालचे गोटे मोजून घ्यावेत असें. पलीकडच्या कांठावर एक ऐसपैस खडक होता. ओढा ओलांडून आम्ही त्यावर जाऊन बसलों, शिदोऱ्या सोडल्या. आमच्या डोक्यावर ऊन होतें. वर डोंगरमाथ्यावर मात्र काळा ढग बसलेला होता. तो आम्हीं पाहिला, आणि तो मुलांस दाखवून मेघांच्या वर्णनाचा एक श्लोकहि म्हणून दाखविला. एवढें आमचें पांडित्य!

इतक्यांत अलीकडच्या कांठावरून गुरें राखणारा एक ठाकूर हात हालवून ओरडूं लागला, "मास्तर, पोरं काढा! पाणी येतंय!" आम्हांस राग आला. वर्ग आमचा, शिस्त आमची, आणि हा कोण सांगणारा? आम्हीं त्यास हातानेंच 'थांब' म्हणून खुणावलें आणि मुलांस जेवण आटोपावयास सांगितलें. फार तर दहा मिनिटें गेलीं असतील. ओढ्याचा आवाज बदलला. प्रथम पाण्यावरून पाचोळा आला, मग पाण्याचा रंग चहासारखा झाला. तेव्हां कोठें आम्ही उठलों. मुलें हातांत हात धरून ओलांडूं लागलीं. घोट्याचें पाणी गुडघ्यावर आलें, गुडघ्याचें मांडीवर. एकतीस मुलें पार झालीं. बत्तिसावा मुलगा आपला डबा उचलावयास मागें राहिला होता. तो मधल्या खडकापर्यंत आला आणि तेथेंच अडकला. पुढें येववेना, मागें जाववेना. तो रडत नव्हता. आमच्याकडे नुसता पाहात होता. ती नजर आम्हांस अजून दिसते.

त्या ठाकुरानें आपली घोंगडी पिळून तिचें एक टोंक झाडास बांधलें, दुसरें हातांत धरलें, काठीनें तळ चांचपत तो पाण्यांत उतरला आणि मुलास कांखेंत मारून घेऊन आला. आम्ही कांठावर उभे होतों. पुढें अर्ध्या घटकेंत तो खडक पाण्याखालीं दिसेनासा झाला. आम्हीं मुलांस बजावलें कीं, घरीं कांहीं बोलूं नये. मुलेंहि बोललीं नाहींत. सोमवारीं शाळेंत सहल उत्तम झाली म्हणून आमची प्रशंसा झाली, आणि ती आम्हीं ऐकून घेतली.

हें सांगून झाल्यावर गच्चीवर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग नातवानें विचारलें, "पण आजोबा, तुमच्या डोक्यावर पाऊस नव्हताच, तर पाणी आलें कोठून?"

हा प्रश्न योग्य होता, आणि आम्हांस हवा तोच होता. आम्हीं त्याच्याच हातांत कागद-पेन्सिल दिली. म्हटलें, ओढ्याच्या माथ्यावर एक चौरस किलोमीटर पठार आहे असें धर. तासाभरांत त्यावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या कोंकणांत ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. २६ जुलै २००५ च्या पावसांत मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे. तर तासाभराच्या पन्नास मिलिमीटरांचें पाणी किती झालें? त्यानें गुणाकार केला: पन्नास हजार घनमीटर, म्हणजे पांच कोटि लिटर, दहा हजार लिटरचे पांच हजार टँकर. त्यांतील निम्में जमिनींत मुरलें असें मानलें तरी अडीच हजार टँकर एकाच अरुंद घळींतून खालीं उतरावयाचे. आणि मुरावयास जमीन आहे कोठें? आपला सह्याद्रि म्हणजे साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे थरावर थर. वरची माती वीतभर, खालीं कातळ. श्रावणापर्यंत ती वीतभर माती भिजून तृप्त झालेली असते. मग आलेला थेंब तेथें थांबत नाहीं, घसरतो. म्हणून आपले ओढे जसे घटकेंत भरतात, तसेच घटकेंत ओसरतातहि. खालीं बसलेल्यास वरचा पाऊस दिसत नाहीं, आणि पाण्याची बातमी पाणीच घेऊन येतें.

धबधबेहि याच थरांमुळें झालेले आहेत. लाव्ह्याचे कांहीं थर टणक, कांहीं ठिसूळ. खालचा ठिसूळ थर पाण्यानें आधीं झिजतो, वरचा टणक थर छज्जासारखा पुढें राहतो, आणि पाणी त्यावरून सरळ खालीं पडतें. छज्जाचा आधार गेला म्हणजे त्याचेहि तुकडे केव्हां तरी सुटावयाचेच. पांडवकड्याची उंची सुमारें १०७ मीटर, म्हणजे साडेतीनशें फूट. तेथून सुटलेला दगड पांच सेकंदांच्या आंत खालीं येतो, आणि येतेवेळीं त्याचा वेग ताशीं दीडशें किलोमीटरांहून अधिक असतो. धारेखालीं डोळे मिटून उभ्या राहिलेल्या माणसास तो दिसावयाचा कसा? शिवाय पडणाऱ्या पाण्यानें आणि त्यांत फिरणाऱ्या गोट्यांनीं तळाशीं रांजणासारखे खळगे कोरलेले असतात. निघोजला कुकडी नदीच्या पात्रांत ते उन्हाळ्यांत कोरडे पाहावयास मिळतात, आणि पाहणारा थक्क होतो. पावसाळ्यांत तेच खळगे गढूळ पाण्याखालीं झांकलेले असतात. पाऊल टाकणाऱ्यास कंबरभर पाणी वाटतें, आणि पुढच्याच पावलास तळ नसतो.

नातू म्हणाला, "मला पोहतां येतें, आजोबा." आम्हीं म्हटलें, पोहणें हें पाण्याशीं आहे, वेगाशीं नाहीं. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा धक्का चौपट होतो, हें तूंच अभियांत्रिकींत शिकला असशील. वीतभर खोल पाणीसुद्धां वेगांत असलें तर उभ्या माणसाचे पाय काढून घेतें. त्यानें कांहीं उत्तर दिलें नाहीं. कागदाकडे पाहात राहिला.

येथें थोडें आमच्या जुन्या विद्येविषयीं. आपण हल्लीं धबधब्यास 'प्रपात' म्हणतों, आणि 'निर्झर' हा शब्द कवितेंत ठेवतों. परंतु अमरकोशाच्या शैलवर्गांत पाहावें तर 'प्रपात' हें पाण्याचें नांव नाहींच. तो कडा आहे. 'भृगु' हाहि त्याच अर्थाचा शब्द, आणि कड्यावरून देह टाकणें यास 'भृगुपात' म्हणतात. वाहणाऱ्या पाण्यास अमरसिंहानें 'निर्झर' आणि 'झर' असे वेगळे शब्द दिलेले आहेत. म्हणजे जुन्यांच्या मनांत या दोन वस्तु होत्या: एक गोड, वाहती, दुसरी तुटलेली, पाडणारी. त्यांची गल्लत पुढें आपण केली. नवल असें कीं, ज्या अडाणी म्हणून आपण समजतों त्या आपल्या गांवकऱ्यांनीं ती गल्लत केलेली नाहीं. खारघरच्या त्या ठिकाणास त्यांनीं 'पांडवांचा धबधबा' म्हटलें नाहीं. वनवासांत पांडव तेथल्या गुहांत राहिले, अशी कथा सांगतात. पण नांव ठेवतांना त्यांनीं ठेवलें तें पांडव'कडा'. ज्यांचा जन्म त्या डोंगराखालीं गेला, त्यांनीं पाण्याकडे पाहून नव्हे, कड्याकडे पाहून नांव दिलें. फलक लावण्यापूर्वीं शेंकडों वर्षें सूचना तेथें लिहिलेलीच होती. ती वाचणारे मात्र आपण राहिलों नाहीं.

आणि न वाचल्याचें फळ काय होतें, तें सांगण्यास दूर जावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्यें याच खारघरच्या डोंगरांत महाविद्यालयांतील चार मुली ओढ्याच्या लोंढ्यांत वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजीं, रविवारीं, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील अंगास एका धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण गेले. त्यांत लहान मुलें होतीं. तीं सर्व माणसें पाण्याच्या मध्यभागीं एकमेकांस घट्ट धरून उभीं असल्याचें चलच्चित्र साऱ्या महाराष्ट्रानें मोबाईलवर पाहिलें. तें पाहून पुष्कळांनीं त्यांस उतावीळ म्हटलें, बेजबाबदार म्हटलें. आम्हांस तसें म्हणवेना. तें आपल्यासारखेंच एक कुटुंब सुटीच्या दिवशीं बाहेर पडलें होतें. त्यांच्या कांठावर घोंगडी घेतलेला माणूस नव्हता, आणि आमच्या कांठावर तो होता, एवढाच काय तो फरक.

वहिनींनीं हें सर्व ऐकून घेतलें. आम्हांस वाटलें, आतां त्या 'नको' वर शिक्कामोर्तब करतील. पण त्या म्हणाल्या, "पांडवकड्यास कोणीं जावयाचें नाहीं, तें ठरलेंच. पण मुलांस पाऊस पाहावयास नेणारें घरांत कोणी नाहीं, म्हणून तीं चोरवाटा शोधतात. भावोजी, तुम्ही त्यांस घेऊन जा. जेथें जावयास मुभा आहे तेथें जा. आणि मीहि येतें."

म्हणून पुढच्या शनिवारीं आम्ही सातजण कर्नाळ्याच्या अभयारण्यास गेलों. आमच्या गांवाहून तें फार दूर नाहीं. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्यास लागावें, कीं वाटेंतच शिरढोण लागतें. येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. ज्या पुरुषानें पुढें सरकारशीं लढा मांडला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या कैदेंत देह ठेवला, त्याच्या बालपणाच्या डोळ्यांसमोर हाच सुळका होता, हें आम्हीं मुलांस सांगितलें. वहिनींनीं मोटारींतूनच हात जोडले.

कर्नाळ्याचें पक्षी-अभयारण्य १९६८ सालीं स्थापन झालें. आरंभीं तें साडेचार चौरस किलोमीटरांच्या आंतच होतें. २००३ सालीं वाढवून तें सुमारें बारा चौरस किलोमीटर करण्यांत आलें. एवढेंसें रान, आणि त्याच्या मधून हमरस्ता गेलेला. तरी दरवाज्याच्या आंत शंभर पावलें गेलें कीं मोटारींचा आवाज मागें पडतो आणि पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा सुरू होतो. वहिनी दरवाज्याजवळच्या बांकावर बसल्या, सौभाग्यवती त्यांच्या सोबतीस राहिल्या, आणि आम्ही पांचजण पाऊलवाटेनें निघालों.

वाटेंत एक मौज झाली. झाडींतून कोणी मुलगा स्वतःशींच शीळ घालीत चालला असावा, असा आवाज येऊं लागला. चाल धरावी, मध्येंच सोडावी, पुन्हा दुसरीच धरावी. पुतण्याची कन्या म्हणाली, "कोणी तरी पुढें आहे." पुढें कोणी नव्हतें. तो कस्तूर पक्षी होता. पावसाळ्यांत ओढ्यांच्या कांठीं हा असा गातो. इंग्रजींत त्यास 'शीळ घालणारा शाळकरी पोर' असेंच नांव आहे. वर्गांत शीळ घालणाऱ्या पोरांस आम्हीं जन्मभर शिक्षा केल्या. त्या दिवशीं त्या निळ्या-काळ्या पोराचें गाणें आम्हीं दहा मिनिटें उभे राहून ऐकलें.

पुढें एक ओढा लागला. त्याच्या माथ्याशीं पुरुष-दीड पुरुष उंचीवरून पाणी कातळावर पडत होतें. त्यास नांव नाहीं, आणि धबधबा म्हणावें इतका त्याचा थाटहि नाहीं. पण निर्झर म्हणावयास तो अगदीं योग्य होता. ओढ्याच्या अलीकडेच, कांठापासून वर, आम्ही बसलों. धाकटा नातू दहावींत आहे; तो म्हणाला, "पलीकडचा दगड किती छान आहे!" आम्ही कांहीं म्हणण्याच्या आंत थोरला म्हणाला, "परतीची वाट अलीकडे आहे ना? मग अलीकडेच बसावयाचें."

मुलें कांठाच्या पाण्यांत पाय सोडून बसलीं. सूनबाईंनीं दिलेले दडपे पोहे आम्हीं खाल्ले. अर्धा तास झाला असेल, थोरला नातू एकाएकीं उभा राहिला. "पाय बाहेर काढा. वर चला सगळे." आम्हीं पाण्याकडे पाहिलें. चार वाळकीं पानें वाहात आलीं होतीं, आणि पाण्यास किंचित् तांबूस छटा आली होती. आम्हीं स्वतः तें पाहिलें नव्हतें. आम्ही कस्तूर शोधीत होतों. सर्वजण उठून वरच्या वाटेवर जाऊन उभे राहिलों. पाव तास गेला. पाणी दोन बोटें चढलें, आणि पुन्हा नितळ झालें. दुसरें कांहींच झालें नाहीं.

पुतण्याच्या कन्येनें त्याची थट्टा आरंभिली. "मोठा आला पूर आणणारा!" तो शरमला, म्हणाला, "मला वाटलें…" आम्हीं त्यास तेथेंच थांबवून सांगितलें कीं, यांत शरमण्यासारखें कांहीं नाहीं. दहा वेळां उठावें आणि दहाहि वेळां पूर येऊं नये, यापरतें भाग्य नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही अशा थट्टेस भ्यालों नसतों, तर एका मुलाची ती नजर आमच्या वांट्यास आली नसती. मुलगी गप्प झाली. परत निघतांना मात्र तीच सर्वांच्या मागें राहिली, आणि कोणाचा डबा राहिला नाहीं ना, हें पाहून आली.

आतां गृहिणींसाठीं आणि घरच्या वडील मंडळींसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. जेथें बंदी आहे तेथें जाऊं नये. ती बहुधा कोणाच्या तरी मरणानंतर घातलेली असते. ओढा ओलांडून पलीकडे बसूं नये. पाणी गढूळ होणें, पाचोळा येणें, ओघाचा आवाज बदलणें, डोंगरमाथ्यावर ढग बसणें, यांतील एक जरी दिसलें तरी उठावें. दुसऱ्याची वाट पाहूं नये. धारेच्या खालीं उभें राहूं नये, आणि वर चढून कड्याच्या ओठावर तर कधींच जाऊं नये. तेथील शेवाळ कोणाचें वय पाहात नाहीं. कोणी वाहूं लागल्यास त्याच्या मागें उडी टाकूं नये. दोर, काठी, ओढणी, जें हातीं असेल तें कांठावरून त्याच्याकडे फेकावें, आणि आपण झाडास किंवा दगडास धरून राहावें. शेवटची गोष्ट, आणि आमच्या मतें पहिली: डोंगराखालच्या माणसास विचारावें, आणि तो सांगेल तें ऐकावें. आपल्यास तो डोंगर म्हणजे रविवार. त्यास तो बारा महिन्यांचा आहे. आमच्या गच्चीवरून जी रांग दिसते तिच्याच एका अंगास, इर्शाळगडाच्या पोटाशीं, ठाकुरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं ती दरडीखालीं गेली. सत्तावीस देह मिळाले. सत्तावन्न माणसें मिळालींच नाहींत. ज्या पावसाची आपण मौज पाहावयास जातों, त्याची किंमत तेथें राहणारा माणूस अशी देत असतो.

पांडवकड्यास गेलेल्या नातवाच्या मित्रांस पोलिसांनीं वाटेवरूनच परत पाठविलें, असें मागाहून कळलें. तीं मुलें सुखरूप घरीं आलीं, हें ऐकून वहिनींनीं देवापाशीं साखर ठेवली. पुढच्या खेपेस त्या मुलांसहि आपल्याबरोबर न्यावें, असें त्यांनीं आम्हांस बजावलें आहे, आणि आमचे गुडघे साथ देतील तोंवर तें आम्ही करूं.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. त्या रात्रीं गच्चीवर सर्व ऐकून झाल्यावर धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, त्या ठाकुराचें नांव काय होतें?" बत्तीस मुलांचीं नांवें आम्हांस हजेरीपटाच्या क्रमानें अजून पाठ आहेत. त्याचें नांव आम्हीं विचारलेंच नव्हतें.